हस्तकलेच्या तासाला मुलांनी खरंच काय करायचं? (३१ मुलं, एक पत्र्याची खोली, वर्षाला ६,००० रुपये)

रामबागची बाई:

नमस्कार. मी इंदूरला रामबागेजवळच्या एका लहान शाळेत शिकवते. पहिली ते आठवी मिळून ११२ मुलं. शाळा पूर्वी मराठी माध्यमाची होती, आता हिंदी आहे. घरी मराठी बोलणारी मुलं प्रत्येक वर्गात चार-पाचच उरली आहेत. माझे विषय गणित आणि मराठी. चित्रकलेचे सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि यंदा जूनपासून तो तास माझ्याकडे आला. शुक्रवारचे शेवटचे दोन तास, सहावी-सातवी-आठवी एकत्र, ३१ मुलं, ७० मिनिटं.

मला हा तास टाळायचा नाही, म्हणून विचारते आहे.

जानेवारीत आमच्याकडे प्रदर्शन असतं. गेल्या वेळी टेबलांवर थर्माकोलची घरं, आइस्क्रीमच्या काड्यांचे दिवे, दुकानातून आणलेली चकचकीत फुलं. एका मुलीला मी विचारलं, ही खिडकी कशी कापलीस गं? तिने आईकडे पाहिलं. आई रात्री दोनपर्यंत जागली होती, तिचे डोळे लाल होते. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आमच्या गावात पहिलीतलं पोरगंसुद्धा ओला आणि सुका कचरा वेगळा करतं, आणि आम्ही थर्माकोलच्या घराला पहिलं बक्षीस दिलं. त्याच दिवशी सातवीतल्या एका मुलाने सायकलची घंटी आणली होती. आतली स्प्रिंग गेली होती, त्याने पेनच्या रिफिलची स्प्रिंग कापून बसवली होती आणि घंटी वाजत होती. ती ‘वस्तू’ दिसत नाही म्हणून मागच्या टेबलावर ठेवली गेली. ठेवणारी मीच होते. ते मनातून जात नाही.

मागे एक खोली आहे, १४ फूट बाय ११, वर पत्रा, एक खिडकी, एक ट्यूबलाइट. संस्था वर्षाला ६,००० रुपये देते. एका कंपनीचा माणूस रोबोटचे किट घेऊन येऊन गेला, ४८,००० सांगितले, अध्यक्षांना ते आवडलंय. एका वडिलांनी मला फाटकाशी गाठून विचारलं, “मॅडम, मुलांना सुतार करायचंय का?” एक आई म्हणते हे दोन तास इंग्रजीला द्या.

मी जुलैमध्ये मातीकाम करून पाहिलं. राऊच्या बाजूच्या शेतातून दोन घमेली काळी माती आणली, मुलांनी गणपती, बैल, चूल असं सुंदर केलं. सोमवारी येऊन बघतो तर सगळ्याला तडे. एका बैलाचं तर डोकंच खाली पडलेलं. मुलं काही बोलली नाहीत, त्याने जास्त वाईट वाटलं.

सुरुवात कशाने करू? हत्यारं दिली तर कोणाचं बोट कापेल ही भीती खरी आहे का? आणि मार्क कसे द्यायचे? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपा करून सविस्तर लिहा.

पटाशी:

बाई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी ३४ वर्षं सुतारकाम आणि चित्रकला शिकवली, त्यातली शेवटची १९ इंदुरातच. आता ७१ चा आहे. जे सांगतो ते केलेलं सांगतो.

पहिले दोन शुक्रवार काहीही बनवू नका. ३१ मुलांना कागद-पेन्सिल द्या आणि शाळाभर फिरवा. काय मोडलंय, काय सैल आहे, काय नाहीच, ते लिहून आणायचं. माझ्या शाळेत पहिल्या फेरीत ४३ गोष्टी आल्या. हलणारी बाकं, हँडल निघालेली बादली, दांडी फाटलेला नकाशा. आणि मुलींनी लिहिलं होतं की त्यांच्या बाथरूमला आतून कडी नाही. तीन वर्षं नव्हती. आम्हा शिक्षकांपैकी कोणालाही ठाऊक नव्हतं. ती कडी आम्ही पहिली बसवली, मुलींनी स्वतः बसवली. ती यादी हाच तुमचा अभ्यासक्रम. मुलाने केलेली वस्तू दुसऱ्या दिवशी कोणीतरी वापरली पाहिजे, एवढी एकच अट धरा. बाकी सगळं त्यातून निघतं.

आमच्या लहानपणी शाळेत टकळी होती. रोज सूत काढायचं. त्या सुताचं पुढे काय झालं ते आम्हाला कधी दिसलं नाही. गांधीजींनी १९३७ ला वर्ध्यात हातकामातून शिक्षण मांडलं तेव्हा त्यांच्या मनात असं निरर्थक सूत नव्हतं. पण आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचं तेवढंच उरलं होतं. म्हणून म्हणतो, वापर दिसला पाहिजे.

आता हत्यारं. सियागंजच्या बाजारात जा, पण मोठ्या माणसाची हत्यारं आणू नका. हातोडी २०० ग्रॅमची. ५०० ग्रॅमची दिली की मूल दांडा लोखंडाजवळ आवळून धरतं, आणि तसा धरला की नेम जातो. दांडा टोकाशी धरायचा, मनगट मोकळं. खिळा बोटांनी धरू देऊ नका. जाड पुठ्ठ्याच्या पट्टीला टोकाशी चीर पाडा, त्यात खिळा अडकवा, पट्टी लांबून धरा. दोन ठोक्यांत खिळा उभा राहिला की पट्टी ओढून घ्यायची. ही एक युक्ती मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडली. खिळा फळीच्या कडेला ठोकताना लाकूड चिरत असेल तर आधी खिळ्याचं टोक हातोडीने हलकेच बोथट करा. टोकदार खिळा पाचरीसारखा लाकडाच्या रेषा फाकवतो, बोथट खिळा त्या चिरडत आत जातो. मुलांना हे आधी सांगू नका. एक फळी चिरू द्या, मग सांगा.

करवत पहिल्यांदा आपल्याकडे ओढायची, तीन-चारदा, हलकी. खाच पडली की मग पुढे ढकलायची. बोथट करवत घेऊ नका. बोट कापायची भीती खरी आहे, पण ज्या हत्याराला जोर लावावा लागतो ते घसरतं आणि तेच कापतं. धार असलेलं हत्यार ऐकतं. पटाशी आणि रंधा यंदा आठवीलाच द्या, आणि एकच नियम, दोन्ही हात धारेच्या मागे. फळी टेबलाला क्लॅम्पने आवळलेली. काम करणाऱ्याभोवती जमिनीवर खडूने गोल काढा, त्यात दुसऱ्याने यायचं नाही. मी ३४ वर्षांत टाके घालावे लागतील अशी एकच जखम पाहिली, आणि ती माझ्या हाताला, मी घाईत होतो तेव्हा.

३१ जण एकदम हत्यारांपाशी नकोत. सहा-सहाचे पाच गट करा, एकात सात. दर शुक्रवारी एक गट लाकडापाशी, एक मातीपाशी, एक सुई-दोऱ्यापाशी, एक रंगापाशी, आणि एक गट फक्त चित्र काढणारा. हा शेवटचा गट सगळ्यांत महत्त्वाचा. पुढच्या आठवड्यात जे करायचं त्याचं चित्र आज, आलेख कागदावर, मापासकट. समोरून, बाजूने, वरून. ज्याचं चित्र नाही त्याला लाकूड मिळणार नाही. तुम्ही गणिताच्या बाई आहात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

चित्रकला वेगळी आणि हातकाम वेगळं असं इंदुरात तरी कोणी म्हणू नये. देवळालीकरांनी १९२७ साली इथे चित्रशाळा काढली, तिच्यातून बेंद्रे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार निघाले, आणि विष्णू चिंचाळकर निघाले. चिंचाळकर गुरुजींनी वाळकं पान, झाडाची साल, फुटकी वस्तू हातात घेऊन त्यातला चेहरा लोकांना दाखवला. पानाला फारसं काही करायचंच नाही, नीट बघायचं. तुमच्या खोलीत एक खोकं ठेवा, मुलांनी वाटेत सापडलेलं त्यात टाकायचं, आणि पाऊस जोरात असेल, पत्र्याच्या आवाजात शिकवणं अशक्य असेल, त्या दिवशी ते खोकं उपडं करायचं.

लाकूड विकत घेऊ नका. माल येतो त्या खोक्यांचं पाइन सियागंजात आणि सांवेर रोडला पडलेलं असतं, मागितलं तर देतात. त्यातले खिळे उपटणं हा पहिला धडा. उपटलेले खिळे सरळ करणं हा दुसरा. मागच्या वर्षी एका शाळेसाठी मी चार हातोड्या, दोन करवती, एक हाताचं ड्रिल, पक्कड, गुण्या, चार क्लॅम्प आणि पॉलिश पेपर असं घेतलं, साडेतीन हजारांच्या आसपास लागले. तुमच्या सहा हजारांत हे बसतं आणि सुई-दोऱ्याला उरतं.

त्या सातवीच्या मुलाला हत्यारांच्या कपाटाची किल्ली द्या.

गुलतेवडी:

ताई, काळ्या मातीबद्दल मी सांगते. माझं माहेर देवासकडचं, सासर सुदामानगर, आणि मी दहा वर्षं मातीच्या वस्तू करते.

माळव्याची काळी माती तशीच्या तशी कधी वापरायची नाही. तिच्यात जो चिकण भाग असतो, माँटमोरिलोनाइट म्हणतात, तो पाणी पोटात घेऊन फुगतो आणि वाळताना तितकाच आक्रसतो. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच तुमच्या बैलाच्या मानेत झालं. तीन वाट्या काळ्या मातीला एक वाटी बारीक रेती आणि एक वाटी विटेचा चुरा घाला. चुरा पिठाच्या चाळणीने चाळून. विटेचे कण पुन्हा आक्रसत नाहीत आणि आतल्या ओलाव्याला बाहेर यायला वाट देतात. भाजायचं नसेल तर भिजवलेल्या वर्तमानपत्राचा लगदाही थोडा मळा. जाडी बोटापेक्षा जास्त नको. बैलाचं पोट जाड असेल तर खालून चमच्याने पोकळ करा. डोकं जोडताना दोन्हीकडे काट्याने ओरखडे काढा, मधे मातीचं दाट पाणी लावा, मग दाबा. आणि ऊन नको! सावलीत, वर ओला फडका, मग कोरडा फडका, चार-पाच दिवस. उन्हात बाहेरचं आधी वाळतं, आतलं ओलं राहतं, आणि ओढाताणीत तडा जातो.

तुम्ही गणिताच्या आहात म्हणून एक. ओल्या मातीच्या पट्टीवर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. आठवड्याने मोजा. साध्या मातीची एक पट्टी, रेतीची एक, चुऱ्याची एक. मुलं शेकडेवारी विसरणार नाहीत.

दुसरं असं की, शिकवणाऱ्या बायका तुमच्या शाळेच्या आसपासच आहेत. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची संजा घालतात. रोज वेगळी आकृती, शेवटी मोठा किलाकोट, म्हणजे किल्ल्याची आकृती. वर तेरड्याची फुलं लावतात, इथे त्यांना गुलतेवडी म्हणतात, माझं नाव तिथलंच. मी लहानपणी शेजारच्या मुलींबरोबर घातली आहे. घरात भोंडला आणि शेजारी संजा, दोन्हीची गाणी मला येतात. तुमच्या वर्गातल्या कोणाची तरी आजी अजून हे करत असेल. तिला बोलवा. गेरूच्या जमिनीवर खडूच्या पांढऱ्या पाण्याने मांडणा, म्हणजे इकडची रांगोळी, काढणारीही सापडेल. तिला ‘मॅडम’ म्हणा, खुर्ची द्या, आणि मुलांसमोर तिचा हात चालू दे. ठिपके न मांडता ती चौकट बरोबर मध्यावर कशी आणते ते बघण्यासारखं असतं.

आणि रंग विकत घ्यायच्या आधी काळा रंग करून पाहा. धार जिल्ह्यात बागला छपाईचा काळा रंग लोखंडापासूनच करतात. गंजके खिळे, गूळ आणि पाणी बरणीत दोन-तीन आठवडे ठेवायचे, झाकण सैल, कारण ते आंबतं. दुसरीकडे हरड्याच्या (हिरड्याच्या) पाण्यात सुती कापड बुडवून वाळवायचं, ते पिवळट होतं. बटाट्याचा ठसा त्या लोखंडाच्या पाण्यात बुडवून कापडावर उठवला की बघता बघता काळा पडतो. हरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोह एकत्र आलं की काळं होतं. पाणी फिकट तपकिरी आणि कापडावर काळंभोर! माझ्या मुलीने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अर्धा तास तिने दुसरं काही केलं नाही. जुने कपडे घालून करा, डाग निघत नाहीत.

आठवीतल्या मुलाचा बाप:

मला इथे विरुद्ध बोलायचं आहे, राग मानू नये.

मी शाळेत असताना आमच्याकडेही ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ होतं. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने सुचवलेलं, नाव चांगलं होतं. आमच्या शाळेत त्याचा अर्थ असा की आम्ही सहा मुलांनी शिक्षकांच्या खोलीतलं पाणी भरायचं आणि झाडू मारायचा. कोणती सहा, ते आधीच ठरलेलं असायचं. ज्यांचे वडील हातगाडी ओढायचे, भांडी कल्हई करायचे, त्यांची मुलं. डॉक्टरांचा मुलगा त्या वेळात ग्रंथालयात बसायचा. माझे वडील गवंडी होते. म्हणून फाटकाशी “सुतार करायचंय का” असं विचारणारा जो बाप आहे, त्याला मी ओळखत नाही, पण तो प्रश्न मला कळतो. आपण ज्यातून बाहेर पडलो त्यात मुलाला परत ढकलतात की काय, अशी ती भीती असते.

शाळेची मोडकी बाकं मुलांकडून दुरुस्त करून घेणं म्हणजे संस्थेचा खर्च वाचवणं नाही का? पटाशी सर, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून विचारतो.

पटाशी:

राग कशाचा? तुम्ही लिहिलंत ते मी पाहिलेलं आहे. एका शाळेत मी रुजू झालो तेव्हा ‘कामाची मुलं’ ठरलेली होती, आणि पहिलं वर्षभर मीही तीच निवडत होतो, कारण ती लवकर शिकायची. ती चूक माझी. नंतर गट हजेरीच्या क्रमाने केले आणि कोणाचीही सुटका ठेवली नाही. डॉक्टरांचा मुलगा, मुली, सगळे. झाडू मारणं धड्यात नाही. पण आपण केलेला भुसा आपणच उचलायचा, आणि त्यात शिक्षकही आला.

खर्च वाचवण्याबद्दल. दोन खुणांनी ओळखा. मूल जर तेच काम दहाव्यांदा करत असेल तर ती राबवणूक. एक बाक नीट बसला, कसा ते कळलं, की पुढचा बाक दुसऱ्या गटाचा. आणि काम झाल्यावर त्यावर करणाऱ्यांची नावं लिहायची. माझ्या शेवटच्या शाळेत ग्रंथालयाच्या फडताळाच्या आतल्या बाजूला सात नावं आहेत. त्यातला एक आज सिव्हिल इंजिनिअर आहे, एकाचं फर्निचरचं दुकान आहे, बाकीच्यांचं मला ठाऊक नाही. सगळ्यांना काटकोन कळला होता, एवढं मी सांगू शकतो.

तुमचे वडील गवंडी होते. ओळंबा आणि पाणसळ ते कसे लावायचे हे तुम्ही त्या मुलांना एका शुक्रवारी दाखवाल का?

पाबळचा:

मी पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रमात शिकलो, नंतर काही शाळांत निदेशक होतो, आता नोकरीमुळे इंदुरात. डॉ. कलबागांनी १९८३ साली ते सुरू केलं. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस कामाचा, चार विभागांत: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. शिकवणारे बहुतेक गावातलेच कारागीर. महत्त्वाचं म्हणजे मुलं गावाला लागणारं काम करून देत आणि त्याचा हिशोब ठेवत.

तो हिशोबच तुमच्या मार्कांचं उत्तर आहे. प्रत्येक कामाचं एक कार्ड. आधी अंदाज: किती लाकूड, किती खिळे, किती वेळ, किती रुपये. मग प्रत्यक्ष किती लागलं. मग फरक का पडला, मुलाच्या शब्दांत दोन ओळी. मार्क वस्तू किती सुबक झाली याला देऊ नका, या कार्डाला द्या. आई रात्री जागून खिडकी कापू शकते, पण “मी ४० मिनिटं धरली होती, ९५ लागली, कारण करवत तिरकी गेली” हे ती लिहू शकत नाही.

अध्यक्षांसाठी: २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलाकारांकडे शिकायचं लिहिलं आहे. एनसीईआरटीने सहावीला ‘कौशल बोध’ हे पुस्तक आणलंय, त्यात सजीवांबरोबरचं काम, यंत्र-साहित्याबरोबरचं काम आणि माणसांच्या सेवेचं काम असे तीन भाग आहेत. व्यवसाय शिक्षणाची केंद्रीय संस्था तर भोपाळलाच आहे. हे दाखवा, म्हणजे ४८,००० च्या किटशिवायही शाळा धोरणाप्रमाणे चालते हे त्यांना पटेल. किटमध्ये सगळं आधीच कापलेलं आणि भोकं पाडलेलं येतं. अंदाज चुकायला जागाच नसते.

विजेचं काम करणार असाल तर सहावी-सातवीला फक्त सेल आणि छोटा बल्ब. आठवीने एक्स्टेन्शन बोर्ड जोडला तर तो भिंतीत लावायच्या आधी वायरमनकडून सिरीज दिव्यावर तपासून घ्या. त्यात एक बल्ब मधे एकसर जोडलेला असतो. आत कुठे तारा चिकटल्या असतील तर नुसता बल्ब पूर्ण पेटतो, फ्यूज उडत नाही, ठिणगी नाही. मुलांनी ते लांबून बघायचं.

रामबागची बाई:

सहा आठवड्यांनी लिहिते आहे, माफ करा. गणपती, मग तिमाही परीक्षा, आणि मधे हेच सगळं चालू होतं.

यादीत ५७ गोष्टी आल्या. आमच्याकडे कडी होती, पण मुलींनी लिहिलं की आत दप्तर टांगायला खुंटी नाही, ओल्या फरशीवर ठेवावं लागतं. मी रोज त्याच बाथरूममध्ये जाते आणि माझी पर्स बाहेर टेबलावर ठेवते, म्हणून मला ते कधी कळलंच नाही. पहिलं काम तेच केलं. पाच खुंट्यांची पट्टी. पहिली पट्टी भिंतीवर तिरकी बसली, दोन सेंटिमीटरचा फरक. मुलांनी ती काढून पुन्हा लावायचा हट्ट धरला, मी म्हटलं राहू दे, पण ऐकेनात. या वेळी आठवीच्या त्या मुलाचे वडील खरंच आले. आले तेव्हा अवघडलेले होते. त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी कशी जुळते ते दाखवलं. त्यांच्या वडिलांची नळी होती ती. त्यांचा मुलगा शेजारी उभा होता आणि नळीचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं.

मातीच्या पट्ट्यांचं: साधी काळी माती १० ची ८.७ झाली. रेतीची ९.१. रेती आणि चुरा दोन्ही घातलेली ९.४. सहावीच्या एका मुलीने विचारलं, मग आपल्याला १० सेंटिमीटरचा बैल हवा असेल तर ओला बैल किती करायचा? अख्खा गट ९४ टक्क्यांचं गणित सोडवत बसला. मी शिकवलं नव्हतं, त्यांना हवं होतं म्हणून सोडवलं. तो बैल आता ९.९ आहे आणि डोकं शाबूत आहे.

गुलतेवडीताई, आजी सापडल्या. पाचवीतल्या मुलीच्या. संजेच्या दिवसांत तीनदा आल्या, शेण स्वतः घेऊन आल्या, आणि पहिल्या दिवशी दोन मुलांनी नाकं दाबली त्यांच्याकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ती दोघं पुढे बसली होती. लोखंडाचं पाणी खोक्यांच्या उपटलेल्या खिळ्यांचंच केलं. १८ दिवस लागले, वास भयंकर आला. ठसा काळा पडला तेव्हा वर्गात जो आवाज झाला तो ऐकून मुख्याध्यापिका धावत आल्या.

सुई-दोऱ्याच्या गटाने दप्तरांचे तुटलेले पट्टे शिवले. मेण लावलेला दोरा, बोटात अंगुस्तान, उलटी टीप. मुलगे कुरकुरतील असं मला वाटलं होतं. पण दप्तर ज्याचं त्याचंच असल्याने कोणी कुरकुरलं नाही. आता धाकट्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत तुटके पट्टे घेऊन दाराशी उभी असतात.

जमलं नाही ते पण सांगते. गटात सहा मुलं असली तरी पाच गट एकदम बघायला मी एकटीच आहे. दोन शुक्रवारी रंगाचा गट नुसता बसून राहिला. एका मुलाच्या अंगठ्यावर हातोडी बसली, नख काळं पडलं. त्याच्या आईला मी स्वतः घरी जाऊन भेटले. ती रागावली नाही, पण पुढच्या शुक्रवारी त्याला पाठवलं नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तो आला. इंग्रजीला तास द्या म्हणणाऱ्या आईचं मत बदललेलं नाही. किटचा विषय अध्यक्षांनी सध्या बाजूला ठेवला आहे, संपवला नाही. त्यांना मी कार्डं दाखवली. त्यांनी चार-पाच वाचली आणि एक खिशात घालून घरी नेलं. का ते सांगितलं नाही.

किल्ली घंटीवाल्याकडे आहे. तो शुक्रवारी शाळा सुटल्यावर हत्यारं मोजतो, तेलाचा फडका फिरवतो आणि वहीत सही करतो. या जानेवारीत घंटी पहिल्या टेबलावर असेल, आणि बाकीच्या टेबलांवर फक्त शाळेत वापरात असलेल्या वस्तू, शेजारी त्यांची कार्डं. घरून काही आणायचं नाही असं पालकांना कळवलं आहे.

पटाशी सर, एक अडचण. क्लॅम्प लहान पडतात, धातूची पट्टी कानशीने घासताना हलते. मोठा वाइस हवा, नवा परवडत नाही. कबाडीकडे मिळेल का, आणि घेताना काय बघायचं?

पटाशी:

बैल ९.९ झाला हे वाचून फार बरं वाटलं.

कबाडीकडचा घेऊ नका, त्यांचे आटे बहुतेक झिजलेले असतात आणि जबडे समांतर येत नाहीत. माझ्याकडे चार इंची आहे, निवृत्त झाल्यापासून गच्चीच्या खोलीत पडलाय. गंज काढून, तेल घालून या शुक्रवारी आणून देतो. रंगाचा गट बसून राहतो म्हणालात, तर महिन्यातून दोन शुक्रवार मी त्या गटापाशी बसेन. जिना चढायला लागणार नाही ना, तेवढं सांगा.

आणि टेबलाची फळी किती जाड आहे ते घंटीवाल्याला मोजून कळवायला सांगा, मिलिमीटरमध्ये. त्या जाडीला पुरतील असे बोल्ट येताना घेऊन येतो.

रामबागची बाई:

जिना नाही सर, खोली अंगणातच आहे. त्याने मोजलं: ३८ मिलिमीटर. तीन ठिकाणी मोजलं म्हणतो, एका कोपऱ्यात ३६ आहे.